मंकीपॉक्सचं सॅम्पल, फोडापासून रिपोर्टपर्यंत: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या टेक्निशियन आणि ड्युटी डॉक्टरांसाठी

मंकीपॉक्सची टेस्ट बिघडते ती बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचायच्या आधीच. स्वॅब फोडावरून नुसता फिरवलेला असतो, ट्यूब भलतीच असते, लेबलवरची शाई पसरलेली असते, नाहीतर पुरळ कधी आलं ती तारीखच फॉर्मवर नसते. पीसीआर (विषाणूचा डीएनए अनेक पटींनी वाढवून ओळखायची टेस्ट) शिकवणारे पुष्कळ भेटतात, या आधीच्या भानगडी कोणी सांगत नाही. कोविडमध्ये नाका-घशाचे शेकडो स्वॅब घेतलेत पण फोडाचं सॅम्पल कधी घेतलं नाही, अशांसाठी हा लेख आहे.

थोडी पार्श्वभूमी लागेल, कारण रिपोर्ट वाचताना ती कामाला येते. देवी, मंकीपॉक्स (सरकारी फॉर्मवर आता ‘एमपॉक्स’), गाईची देवी, म्हशींची देवी आणि देवीच्या लशीतला व्हॅक्सिनिया हे सगळे ऑर्थोपॉक्स या एकाच गटातले विषाणू. सगळे डीएनएवाले. मंकीपॉक्सचा जीनोम साधारण १ लाख ९७ हजार अक्षरांचा आणि भावंडांशी बराचसा जुळणारा. म्हणून टेस्टमध्ये सहसा दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात: ऑर्थोपॉक्स गटातलं काही आहे का? आणि असेल तर ते मंकीपॉक्सच आहे का? कांजिण्या या गटात येत नाहीत. त्यांचा विषाणू हर्पीसच्या घराण्यातला आहे. मोलस्कम (त्वचेवर बारीक गाठी आणणारा आजार) हाही या टेस्टमध्ये दिसत नाही, आणि गुरांचा लम्पी तर नाहीच.

१. ही केस टेस्टला पाठवण्यासारखी आहे का?

पावसाळ्यात आपल्याकडे हात-पाय-तोंडाचा आजार आणि वर्षभर कांजिण्या. प्रत्येक पुरळ मंकीपॉक्स म्हणून पाठवलं तर लॅब तुंबते, आणि खोटे पॉझिटिव्हही वाढतात (ते का, ते आठव्या पायरीत). विचारायचं ते हे:

- गेल्या २१ दिवसांत लागण असलेल्या देशातून प्रवास, किंवा संशयित वा पक्क्या रुग्णाशी जवळचा संपर्क, त्यात शरीरसंबंधही आला. हा प्रश्न पडद्याआड, नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारा. आईसमोर कोणी खरं सांगत नाही.
- ताप, अंगदुखी आणि मानेत, काखेत किंवा जांघेत सुजलेल्या गाठी. कांजिण्यांत गाठी एवढ्या ठळक नसतात.
- पुरळ तळहात-तळपायांवर आहे का? एका भागातले फोड एकाच अवस्थेत आहेत का? कांजिण्यांत शेजारी शेजारी पुटकुळी, फोड आणि खपली अशी सरमिसळ दिसते.

२०२२ पासूनच्या साथीत बऱ्याच रुग्णांना फक्त जननेंद्रियावर, गुदद्वाराशी किंवा तोंडात दोनचार फोड होते. ताप नाही, अंगभर पुरळ नाही. त्यामुळे चित्र पुस्तकासारखं नाही म्हणून सोडून देऊ नका. आणि कांजिण्यांची पीसीआर सोबतच मागा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

२. सॅम्पल घ्यायच्या आधी फोन

हा आजार कळवण्याचा आहे. सॅम्पल एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या साखळीतून जातं, खासगी कुरिअरने थेट नाही. पहिला फोन आपल्या महापालिकेच्या साथरोग विभागाला किंवा जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला. सॅम्पल कोणत्या लॅबला जाणार हे तेच सांगतात. मान्यताप्राप्त लॅबची यादी साथीनुसार बदलते, तेव्हा मागच्या वेळचा कागद बघून पाठवू नका.

आपल्याकडचा खास घोटाळा हद्दीचा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल यांना सगळे नवी मुंबईच म्हणतात, पण ती पनवेल महापालिका आणि जिल्हा रायगड. बेलापूर, नेरुळ, वाशी, ऐरोली ही नवी मुंबई महापालिका, जिल्हा ठाणे. ठाणे जिल्ह्यातच ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी आणि उल्हासनगर अशा सहा महापालिका आहेत. रुग्ण वाशीत दाखल, राहायला खारघरला, कामाला महापेला असेल तर फॉर्मवर तिन्ही पत्ते लिहा. राहण्याचा पत्ता चुकला की संपर्कातल्या लोकांचा शोध भलत्याच जिल्ह्यात सुरू होतो आणि दोन दिवस वाया जातात.

३. सामान आणि कागद

सामान ट्रेमध्ये मांडल्याशिवाय पीपीई चढवू नका.

- नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या टोकाचे निर्जंतुक स्वॅब, प्लास्टिक दांडीचे. कापसाचे, लाकडी काडीचे नकोत. कापूस डीएनए धरून ठेवतो आणि लाकडातले घटक पीसीआर अडवतात.
- स्क्रू झाकणाच्या कोऱ्या, कोरड्या, निर्जंतुक ट्यूब. किमान सहा.
- जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब (२ ते ३ मिली) आणि पिवळ्या झाकणाची जेल ट्यूब (४ ते ५ मिली). हिरव्या झाकणाची ट्यूब ट्रेमध्ये ठेवूच नका. त्यातलं हेपॅरिन पीसीआरला मारक आहे.
- लघवीसाठी निर्जंतुक डबी (३ ते ५ मिली).
- खपलीसाठी डिस्पोजेबल चिमटा.
- एन-९५, गॉगल किंवा फेस शील्ड, लांब बाह्यांचा गाऊन, ग्लोव्हजचे दोन जोड.
- पॅराफिल्म, झिपच्या पिशव्या, टिपण्याचा कागद, जेल पॅक, पॅकिंगचे डबे, धारदार वस्तूंचा डबा.

कागदांत केस तपासणी फॉर्म, लॅबचा मागणी फॉर्म, ओळखपत्राची प्रत आणि चालू असलेला मोबाइल नंबर. फॉर्मवर या गोष्टी कोऱ्या सोडायच्या नाहीत: तापाची तारीख, पुरळ उठल्याची तारीख, सॅम्पलची तारीख आणि वेळ, शरीराचा कोणता भाग, कोणत्या प्रकारचं सॅम्पल, प्रवास, आणि लहानपणी देवीची लस घेतली होती का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दंडावरच्या व्रणात सापडतं. भारतात ही लस सत्तरच्या दशकाच्या अखेरीस थांबली, म्हणजे आज साधारण पन्नाशीच्या आसपास आणि पुढच्या लोकांतच तो व्रण सापडेल.

४. सॅम्पल घेणं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. विषाणू सगळ्यात जास्त असतो तो फोडात आणि खपलीत. रक्तात तो थोडाच काळ राहतो आणि पुरळ उठेपर्यंत बऱ्याचदा ओसरलेला असतो. म्हणून फक्त रक्त पाठवून ‘निगेटिव्ह आलं’ म्हणणं ही घोडचूक आहे. रक्त आणि लघवी मागितली असेल तर जोडीला द्या, पण भरवसा फोडावर ठेवा.

फोड निवडा. दोन किंवा तीन, शक्यतो शरीराच्या वेगवेगळ्या भागांवरचे. फोडावर मलम, कॅलामाइन किंवा हळद लावलेली असेल (आपल्याकडे असतेच) तर आधी सलाईनच्या गॉजने हलक्या हाताने पुसून घ्या आणि सुकू द्या. स्पिरिट लावू नका. लावलंच असेल तर पूर्ण उडून जाऊ द्या.

आता स्वॅब. फोडाच्या माथ्यावर आणि कडेला जोर देऊन घासा, स्वॅब गोल फिरवत, दोन्ही बाजूंनी. रुग्णाला थोडं दुखतंच, तसं आधीच सांगा. नुसता ओला झालेला स्वॅब पुरत नाही. पेशी यायला हव्यात, कारण मशीनवर सॅम्पल बरोबर घेतलं होतं की नाही हे माणसाच्या पेशींतल्या जनुकावरूनच तपासतात. घासताना फोड आपोआप फुटला तर तळही त्याच स्वॅबने घासून घ्या. स्वॅब कोऱ्या ट्यूबमध्ये सोडा, दांडी खुणेवर मोडा, झाकण घट्ट लावा.

सरकारी सूचनांत फोडाचं छत स्काल्पेलने उचलण्याचा आणि बारीक सुईने पाणी ओढण्याचाही उल्लेख आहे. सरावलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने, शांत खोलीत, ते जरूर करावं. गर्दीच्या कॅज्युअल्टीत रात्री अकरा वाजता नवख्याने स्काल्पेल हातात घेऊ नये. जोरात घासलेल्या स्वॅबने काम भागतं आणि सुई-ब्लेडने हात कापायचा धोका टळतो.

फोड वाळले असतील तर खपली उत्तम. कड सुटलेली खपली चिमट्याने उचला आणि कोरड्या ट्यूबमध्ये टाका. दोन-तीन खपल्या पुरतात. घट्ट चिकटलेली ओरबाडू नका.

कोणतं कशात, ते असं:

- एकाच प्रकारच्या दोन फोडांचे स्वॅब एका ट्यूबमध्ये चालतील. स्वॅब, खपली आणि पाणी एका ट्यूबमध्ये मिसळू नका.
- व्हीटीएमचा (विषाणू टिकवून नेण्याच्या माध्यमाचा) गुलाबी द्रव नको. कोविडपासून स्टोअरमध्ये पडलेल्या त्या ट्यूब सवयीने हाताला येतात. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) सूचना कोऱ्या ट्यूबची आहे. काही किटना व्हीटीएम चालतं, पण ते घेणाऱ्या लॅबला विचारून, आपल्या मनाने नाही. कोरड्या स्वॅबमध्ये सॅम्पल पातळही होत नाही आणि सांडतही नाही.
- घशाचा स्वॅबही कोरड्या ट्यूबमध्ये. पुरळ उठायच्या आधी किंवा फक्त घसा दुखत असेल तेव्हा त्याचा उपयोग. गुदद्वाराशी दुखणं असेल तर तिथला स्वॅब.

लक्षणं नसलेल्या संपर्कातल्या माणसाचं ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून सॅम्पल घेऊ नका. त्याच्यावर २१ दिवस लक्ष ठेवायचं आणि फोड आला की त्याचं सॅम्पल घ्यायचं.

लेबल ट्यूब भरायच्या आधी चिकटवा. नाव, वय, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, जागा (‘उजवा तळहात, स्वॅब’). साधं बॉलपेन आपल्या हवेत टिकत नाही. जेल पॅकला घाम सुटतो, वरून कोणी स्पिरिटने पुसतं, आणि पुण्याच्या लॅबला पोचतो निळा डाग. छापील लेबल किंवा स्पिरिटने न पुसली जाणारी मार्कर वापरा आणि वरून पारदर्शक टेप मारा.

५. थंडी आणि पॅकिंग

सॅम्पल घेतल्यापासून तासाभरात २ ते ८ अंशांत. सात दिवसांच्या आत लॅबला पोचणार असेल तर फ्रिज पुरतो, नाहीतर उणे २० किंवा त्याखाली. एकदा गोठवलेलं वितळवून पुन्हा गोठवू नका. ईडीटीएचं रक्त गोठवायचंच नाही आणि गोठलेल्या जेल पॅकला थेट चिकटवूनही ठेवायचं नाही. तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतलं हीम पीसीआर अडवतं.

पॅकिंग तीन थरांचं:

पहिला थर ट्यूब. झाकणावर पॅराफिल्म, बाहेरून जंतुनाशकाने पुसलेली.

दुसरा थर न गळणारा डबा किंवा जाड झिपची पिशवी. आत सगळा द्रव शोषून घेईल एवढा टिपण्याचा कागद. प्रत्येक रुग्णाची पिशवी वेगळी.

तिसरा थर कडक बाहेरचा डबा. जेल पॅक दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये. फॉर्म वेगळ्या झिपच्या पिशवीत आणि तोही तिथेच. ट्यूबभोवती फॉर्म गुंडाळणं ही जुनी खोड आहे. ट्यूब गळली की फॉर्म गेला आणि तो उघडणाराही अडकला.

बाहेर यूएन ३३७३ चं चौकोनी, टोकावर उभं केलेलं लेबल, खाली ‘बायॉलॉजिकल सबस्टन्स, कॅटेगरी बी’, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता आणि फोन. ड्राय आइस वापरलात तर डबा हवाबंद करू नका. त्याचा वायू होतो आणि डबा फुटतो. बंद गाडीत तो वायू ड्रायव्हरलाही त्रास देतो, काच थोडी खाली ठेवायला सांगा.

६. पुण्याला पाठवताना

पक्कं निदान आणि अवघड केसेस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे, म्हणजे एनआयव्हीकडे जातात. तिचे पुण्यात दोन कॅम्पस आहेत. एक कॅम्पजवळ डॉ. आंबेडकर रस्त्यावर, दुसरा पाषाणला, जिथे बीएसएल-४, म्हणजे सगळ्यात कडक जैवसुरक्षेची, प्रयोगशाळा आहे. मॅपवर फक्त ‘एनआयव्ही पुणे’ टाकून निघालेली गाडी चुकीच्या गेटवर उभी राहू शकते. कोणता कॅम्पस, कोणाच्या ताब्यात द्यायचं, किती वाजेपर्यंत घेतात, हे आधी फोनवर पक्कं करा आणि डब्यावर लिहा.

गाडी कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागते. शनिवारी सकाळी आणि जोडून सुट्टी आली की खंडाळ्याच्या घाटात वाहनं अडकतात. पहाटे निघा किंवा जेल पॅक जास्तीचे घाला. डब्यात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र असलं तर नंतरचे वाद मिटतात. आणि सॅम्पल ताब्यात दिल्याची सही, तारीख-वेळेसह, परत आणायला सांगा.

७. तुमच्याच लॅबमध्ये टेस्ट होणार असेल तर

हे ज्यांच्या लॅबला मान्यता आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी वाचून ठेवा, रिपोर्ट समजायला मदत होईल.

ट्यूब उघडणं ते डीएनए काढण्याच्या लायसिस बफरमध्ये सॅम्पल जाणं, एवढा टप्पा जोखमीचा. तो क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच, तेही तपासणीची तारीख न उलटलेल्या. व्होर्टेक्स (यंत्रावर जोरात हलवणं) आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर थोडं थांबून झाकण उघडा. विषाणू वाढवण्याचा (कल्चरचा) प्रयत्न साध्या लॅबमध्ये अजिबात नाही, आणि निदानाला त्याची गरजही नाही.

कोरडा स्वॅब असेल तर किटमध्ये सांगितलेल्या द्रवात भिजवून व्होर्टेक्स करा, त्यातला साधारण २०० मायक्रोलिटर घेऊन डीएनए काढा. मंकीपॉक्स डीएनए विषाणू असल्याने कोविडसारखी आरएनएपासून डीएनए बनवण्याची पायरी इथे नाही. कोविडचा जुना प्रोग्राम मशीनवर तसाच चालवू नका, किटचा प्रोग्राम भरा. रंगांचे चॅनेल तपासा. कोविडच्या किटमध्ये ज्या रंगात माणसाचं जनुक असायचं, त्या रंगात इथे विषाणू असू शकतो.

मिश्रणाचं एक उदाहरण. सॅम्पल ६, पाण्याचा कंट्रोल (सॅम्पलऐवजी नुसतं पाणी) १, एक्स्ट्रॅक्शन कंट्रोल (सॅम्पलशिवाय डीएनए काढण्याच्या पायरीतून नेलेला) १, पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात विषाणूचा डीएनए आहे हे माहीत असलेला) १, म्हणजे ९ खाचा. पिपेटमध्ये थोडं वाया जातं म्हणून १० चं मिश्रण करा. किटमध्ये खाचेला १५ मायक्रोलिटर मिश्रण आणि ५ मायक्रोलिटर डीएनए असेल तर मिश्रण १५० मायक्रोलिटर. एक्स्ट्रॅक्शन कंट्रोल टाळायची खोड लवकर लागते, कारण त्यात एक खाच ‘फुकट’ जाते. पण डीएनए काढताना झालेली भेसळ फक्त तोच पकडतो. पाण्याचा कंट्रोल त्या टप्प्यातून जातच नाही.

भेसळीबद्दल जरा जास्त बोलायला हवं. फोडाच्या सॅम्पलमध्ये विषाणू अफाट असतो, सीटी (रेषा कितव्या फेरीला वर येते तो आकडा; कमी म्हणजे विषाणू जास्त) विशीच्या आतबाहेर येणं नवल नाही. अशा ट्यूबचा डोळ्याला न दिसणारा थेंब शेजारच्या खाचेत गेला तरी तिथे सीटी ३५ ला रेषा वर येते. उपाय साधे आहेत आणि रोज करायचे आहेत: उघडण्याआधी ट्यूब क्षणभर फिरवून झाकणावरचे थेंब खाली आणा, फिल्टर टिप वापरा, एका वेळी एकच झाकण उघडा, पॉझिटिव्ह कंट्रोल सगळ्यात शेवटी, तोही दुसऱ्या जागी घाला. मिश्रणाची खोली, डीएनएची खोली आणि मशीनची खोली वेगळी. जाण्याची दिशा एकच, आणि संध्याकाळी परत मिश्रणाच्या खोलीत जायचं असेल तर गाऊन-ग्लोव्हज बदलून. पीसीआर झालेली ट्यूब पुन्हा उघडायची नाही, कोणत्याही कारणाने.

औद्योगिक पट्ट्यातल्या लॅबसाठी एक टीप. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला देखभालीसाठी अधूनमधून वीज जाते. यूपीएस मशीनला असतो, पण फ्रीजरला आणि कॅबिनेटला असतोच असं नाही. रन मध्येच थांबला तर तो टाकून द्यायचा, पुढे चालू करायचा नाही. दुरुस्तीची सूचना आधी बघा आणि मगच डीएनए काढायला घ्या.

८. रिझल्ट वाचणं

आधी कंट्रोल, मग रुग्ण. पाण्याच्या किंवा एक्स्ट्रॅक्शन कंट्रोलमध्ये विषाणूची रेषा आली तर अख्खा रन रद्द. पॉझिटिव्ह कंट्रोल आलाच नाही तरी रद्द. आकडा बघण्याआधी रेषेचा आकार बघा. खरी वाढ वळण घेऊन चढते. हळूहळू सरकणारी तिरकी रेघ हा बहुतेक वेळा मशीनचा किंवा बुडबुड्याचा खेळ असतो.

मग सॅम्पल. तीन रेषा बघायच्या: ऑर्थोपॉक्स, मंकीपॉक्स, माणसाचं जनुक.

तिन्ही आल्या तर पॉझिटिव्ह. विषाणू खूप असेल तर माणसाचं जनुक दबून जातं. ती रेषा नसली तरी बहुतेक किट पॉझिटिव्ह मान्य करतात.

दोन्ही विषाणू नाहीत आणि माणसाचं जनुक आलं, तर निगेटिव्ह. पण चित्र अगदी मंकीपॉक्सचं असेल तर दुसऱ्या फोडाचं सॅम्पल मागा.

काहीच आलं नाही, तर तो निगेटिव्ह नाही. ती टेस्ट झालीच नाही असं समजा. एकतर स्वॅब नीट घासला नव्हता, नाहीतर सॅम्पलमध्ये पीसीआर अडवणारं काही आहे. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर सीटी साधारण ३.३ ने वाढायला हवा. उलट आधी न आलेली रेषा आता आली, तर अडथळा होता हे कळलं. ‘निगेटिव्ह’ टाइप करून मोकळं व्हायचा मोह इथेच होतो, आणि असा रिपोर्ट घेऊन पॉझिटिव्ह माणूस लोकलने घरी जातो.

मंकीपॉक्स आला पण ऑर्थोपॉक्स नाही, किंवा उलट, तर पुन्हा लावा आणि वरच्या लॅबला कळवा. विषाणू बदलतो आणि टेस्ट ज्या तुकड्याला चिकटते तो तुकडाच गळून पडू शकतो. हे घडलेलं आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या काही रुग्णांच्या विषाणूत टीएनएफ रिसेप्टर जनुकाचा भाग गायब होता आणि फक्त त्यावर बेतलेली टेस्ट त्यांना पकडत नव्हती. नंतर आफ्रिकेत क्लेड १बी (क्लेड म्हणजे विषाणूची शाखा) आला, त्यात क्लेड १ ओळखणाऱ्या जुन्या टेस्टचं लक्ष्यच नव्हतं. भारतात १बी चा पहिला रुग्ण सप्टेंबर २०२४ मध्ये केरळमध्ये सापडला. म्हणून किट घेताना किमान दोन लक्ष्यं असलेला घ्या आणि विक्रेत्याला १बी बद्दल लेखी विचारा. एका लक्ष्याचा स्वस्त किट पुढे महागात पडतो.

सीटी ३४ किंवा त्यापुढे आला तर थांबा. त्याच प्लेटवर जोरदार पॉझिटिव्ह कुठे होता, शेजारी होता का, ते बघा. मूळ सॅम्पलमधून डीएनए नव्याने काढून पुन्हा लावा. जमल्यास नवीन सॅम्पल मागवा. २०२२ मध्ये प्रवास नाही, संपर्क नाही अशा काही लोकांत उशिरा आलेल्या रेषेवरून खोटे पॉझिटिव्ह दिले गेले होते. जोखीम कमी असलेल्या माणसांची सरसकट तपासणी केली की असंच होतं. पॉझिटिव्ह शिक्का बसलेल्या माणसाची चाळीत आणि ऑफिसात काय अवस्था होते, ते सांगायला नको.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे सीटी एकमेकांशी ताडून ‘आजार वाढला, कमी झाला’ असं बोलू नका. खपलीतला डीएनए बरेच दिवस टिकतो. रुग्ण कधी सोडायचा हे सगळ्या खपल्या पडून खाली नवी त्वचा आली का, यावरून ठरतं, सीटीवरून नाही. रक्तातल्या अँटिबॉडीवरूनही निदान पक्कं करू नका. देवीची लस घेतलेल्या आजोबांच्या अँटिबॉडी मंकीपॉक्सच्या टेस्टमध्येही दिसू शकतात.

९. ऑर्थोपॉक्स पॉझिटिव्ह, मंकीपॉक्स निगेटिव्ह: म्हणजे देवी?

जवळजवळ नक्कीच नाही. नैसर्गिक देवीचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला. भारतातला शेवटचा १९७५ मधला. जागतिक आरोग्य संघटनेने मे १९८० मध्ये देवीचं उच्चाटन जाहीर केलं. तो विषाणू आता अधिकृतपणे फक्त दोन ठिकाणी आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोव्होला.

आधी रुग्णाला गुरांबद्दल विचारा. भिवंडी, कल्याण, आरेच्या तबेल्यांत म्हशींची धार काढणाऱ्यांच्या हातावर म्हशींच्या देवीचे फोड येऊ शकतात. हा विषाणू व्हॅक्सिनियाचाच भाऊबंद. पश्चिम महाराष्ट्रात जनावरं आणि माणसं दोघांतही त्याचे उद्रेक नोंदले गेलेत. फोड बोटांवर आणि तळव्यावर, आचळांवरही फोड, आणि प्रवास काहीच नाही, असं चित्र असेल तर पशुवैद्यकीय विभागालाही कळवा.

तरीही तुम्ही ठरवायचं काही नाही. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ म्हणून सोडू नका आणि ‘देवी’ हा शब्द कोणत्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. सॅम्पल बंद करून कुलुपात, रुग्ण वेगळ्या खोलीत, सर्वेक्षण अधिकाऱ्याला फोन आणि पुढचं काम एनआयव्हीचं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ प्रमाणे देवीचा एक जरी रुग्ण असेल तरी तो जगाला कळवावा लागतो. ती साखळी तुमच्या फोनपासून सुरू होते, पण तुमच्या रिपोर्टवर संपत नाही.

१०. कचरा

स्वॅब, गाऊन, मास्क पिवळ्या पिशवीत. ग्लोव्हज लाल. सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. उरलेली सॅम्पल आणि लॅबचा कचरा जैववैद्यकीय कचऱ्याच्या सामायिक केंद्राच्या गाडीत द्यायच्या आधी जागेवरच ऑटोक्लेव्ह: १२१ अंश, १५ पीएसआय, किमान ६० मिनिटं. पिशवीवर बारकोड, आणि ४८ तासांपेक्षा जास्त साठवण नाही.

ओट्यासाठी १ टक्का हायपोक्लोराइट. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रव, चार भाग पाणी, रोज ताजं. कॅबिनेटच्या स्टीलवर वापरलंत तर नंतर पाण्याने पुसा, नाहीतर गंज धरतो. आणि ही चूक अजिबात नको: डीएनए काढण्याच्या किटमधल्या लायसिस बफरवर हायपोक्लोराइट ओतू नका. त्यातल्या ग्वानिडीन क्षारांशी मिळून विषारी वायू निघतो. तो कचरा वेगळ्या, खूण केलेल्या बाटलीत जमा करा. सांडलं तर आधी पाणी आणि साबणाने टिपा, मग ओटा निर्जंतुक करा.

११. सुई टोचली, ग्लोव्ह फाटला, डोळ्यात उडालं

पिळून रक्त काढत बसू नका. जागा साबण-पाण्याने नीट धुवा, डोळा असेल तर भरपूर पाण्याने. लगेच वरिष्ठांना सांगा, रजिस्टरमध्ये वेळेसह नोंद करा आणि हॉस्पिटलच्या संसर्ग नियंत्रण समितीला कळवा. एचआयव्ही आणि काविळीच्या बी-सीचे प्रोटोकॉल नेहमीप्रमाणे चालतीलच, मंकीपॉक्समुळे ते बाजूला पडता कामा नयेत. २१ दिवस रोज दोनदा ताप मोजा आणि लिहून ठेवा. ताप आला, गाठ आली किंवा टोचल्या जागी फोड उठला, तर ड्युटीवर न येता आधी फोन करा, आणि मग तुमचाच स्वॅब, चौथ्या पायरीप्रमाणे, दुसऱ्या कोणाकडून घेऊन घ्या.